घराची ऑर्डर देण्याआधी: स्केल रुळावरून काढू नका

"घर लहान झालं हो!" रेल्वे लेआउटसाठी, म्हणजे छोट्या मॉडेल रेल्वेच्या देखाव्यासाठी, आमच्याकडून मॉडेल घरं नेणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. पट्टी लावून बघतो, तर मापं ऑर्डरबरहुकूम असतात. चूक त्याआधी झालेली असते, आणि गंमत म्हणजे हिशेबाच्या पक्क्या माणसांकडूनच होते.

हिशेब असा. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपला ब्रॉडगेज 1676 मिमी, लेआउटचा रूळ 16.5 मिमी. भागाकार शंभराच्या आसपास येतो, म्हणून ऑर्डर येते, "1:100 मध्ये करा," म्हणजे खऱ्याच्या शंभराव्या भागाएवढं. भागाकार बरोबर आहे, पण 16.5 चा रूळ आपल्या ब्रॉडगेजचा नाहीच. तो परदेशातल्या 1435 मिमी गेजचा, 1:87 म्हणजे एचओ स्केलचा. एचओमधली भारतीय इंजिनंही त्याच तयार रुळावर धावतात. खरं माप धरलं तर रूळ 19 मिमीच्या वर जायला हवा. (मध्य प्रदेशातल्या पातालपाणी-कालाकुंडचा मीटरगेज करणाऱ्यांचं मात्र 12 मिमीच्या रुळावर बऱ्यापैकी जुळतं.)

सात फुटी दार 1:87 मध्ये साडेचोवीस मिमी होतं, 1:100 मध्ये एकवीस. तीन-साडेतीन मिलिमीटरचं काय एवढं, असं वाटेल. पण एचओचा साडेपाच फुटी माणूस 19 मिमीचा असतो. त्याला 1:100 च्या दारात उभा करा, डोकं चौकटीला टेकायला येतं. मग कवेलूचं छप्पर कितीही सुबक असो, नजर दारावरच अडकते.

म्हणून आम्ही गाडीच्या खोक्यावरचं स्केल विचारतो. खोकं हरवलं असेल तर डब्याला पट्टी टेकवून समोरून काढलेला फोटो पाठवा. आयसीएफ (चेन्नईच्या कोच कारखान्याच्या) डब्याची खरी रुंदी 3245 मिमी, एचओमध्ये ती 37 च्या जवळपास भरते. लांबी मोजू नका, पुष्कळ मॉडेलांत ती आखडलेली असते. फोटो येईपर्यंत कापायच्या लेझर मशीनवर एमडीएफची (लाकडी भुशाची) फळी चढत नाही. उशीर लावतो म्हणून रागावणारे आहेत, पण कापलेला वाडा वाढवून देता येत नाही.

हीच गत रस्त्याची. मुलांची 1:64 ची मोटार ठेवून रुंदी ठरवू नका. अँबॅसिडर एचओमध्ये पाच सेंटीमीटरची, 1:64 मध्ये पावणेसात. एकेरी सडक 43 मिमी, दुहेरी 80 मिमी पुरते. रंग काळाकुळकुळीत नको. उन्हात वर्षभर पडलेलं डांबर राखाडी होतं, कडा तुटतात, साइडपट्टीची माती वर येते. बारीक पॉलिशपेपर चिकटवून त्यावर राखाडीत थोडा खाकी मिसळून मारा, भेगा पेन्सिलीने काढा. फाटकात रस्ता रुळाच्या माथ्यापेक्षा किंचित खाली, आणि रुळांच्या आतल्या बाजूंना चाकाच्या कंगोऱ्यासाठी दीड मिमी फट. नाहीतर गाडी तिथेच उडी मारते.

घर बोर्डावर नुसतं ठेवलं की जोत्याखाली उजेडाची रेघ दिसते. आमच्या घरांना त्यासाठी तीन मिमीचं जादा जोतं असतं, ते मातीत बुडवा. फेविकॉल लावू नका, कधीतरी खालची वायर काढावी लागतेच.

आधीच 1:100 ची घरं घेतली असतील तर टाकू नका. मागच्या भिंतीलगत लावली की गाव लांबवर पसरल्यासारखं दिसतं. पुढच्या रांगेसाठी दोन-तीन वाडे 1:87 मध्ये तयार आहेत. दुकानात येताना आपला एक डबा घेऊन या, शेजारी ठेवून बघू.