सिंकोनाचे स्थलांतर

दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातले सिंकोनाचे झाड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डचांनी जावात आणि ब्रिटिशांनी निलगिरी व दार्जिलिंग भागात नेऊन लावले, ती एक सरकारी मोहीम होती. हिवतापावरचे कोयनेल, म्हणजे क्विनीन, याच्या सालीतून निघते. १८२० साली पेल्त्ये व काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले. उष्ण मुलखात फौज टिकवायची तर साल हवी, आणि झाडे-बिया बाहेर जाऊ नयेत म्हणून अँडीजमधली सरकारे दक्ष. डचांनी पाठवलेला वनस्पतिशास्त्रज्ञ हास्कार्ल खोटे नाव घेऊनच पेरूत शिरला.

रोपे वॉर्डच्या पेटीतून येत. खाली माती भरलेली लाकडी पेटी, वर काचेचे उतरते छप्पर, सांध्यांत लांबी भरलेली. आतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरते, त्यामुळे कित्येक आठवडे पाणी लागत नाही. पण उजेडासाठी पेटी जहाजाच्या डेकवरच ठेवावी लागे. काच फुटली की खारे पाणी आत, आणि कडक उन्हात पेटीची भट्टी. ब्रिटिश मोहिमेचा प्रमुख मार्कम याने १८६० मध्ये आणलेली कॅलिसाया जातीची रोपे तांबड्या समुद्रातल्या उकाड्याने खचली, ती उटीला पोचूनही जगली नाहीत. त्याच मोहिमेतल्या स्प्रूस व क्रॉस यांनी एक्वादोरमधून मिळवलेल्या तांबड्या सालीच्या जातीने निलगिरीत मूळ धरले. महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही लागवड करून पाहिली, ती फसली.

खरी गोची जात ओळखण्यात होती. सिंकोनाच्या जाती आपसांत सहज संकरित होतात आणि पानाफुलांवरून सालीचा कस कळत नाही. साल रसायनशाळेत तपासावीच लागते. ते उशिरा कळल्यामुळे जावात सुमारे १० लाख झाडे अशा जातीची लागली, जिला तिथले डच गव्हर्नर-जनरल पाहुड यांचे नाव होते पण सालीत कोयनेल नगण्य होते.

कसदार झाड ओळखले ते मान्वेल इंक्रा ममानी या बोलिव्हियातल्या साल गोळा करणाऱ्याने. त्याने जमवलेले बी चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याने १८६५ मध्ये लंडनला धाडले. ब्रिटिश सरकारने ते घेतले नाही. डचांनी सुमारे एक पौंड विकत घेतले. त्या झाडांच्या सालीत १० टक्क्यांहून अधिक कोयनेल भरले. जातीला नाव मिळाले लेजरचे. ममानीला बी पुरवल्याबद्दल तुरुंगवास व मारहाण झाली, त्यातच तो गेला. या मोहिमेच्या इतिहासात त्याचे नाव शास्त्रज्ञांच्या बरोबरीने यायला हवे.

या लेजरियाना जातीचे मूळ नाजूक असते, म्हणून जावात तिचे कलम तांबड्या जातीच्या खुंटावर बांधत. ब्रिटिशांच्या तांबड्या सालीत कोयनेल कमी आणि सिंकोनिडीन हे सालीतलेच दुसरे द्रव्य जास्त. दार्जिलिंगजवळ मुंगपूच्या कारखान्यात सालीतली सगळी अल्कलॉइडे, म्हणजे कोयनेलसारखी द्रव्ये, एकत्र काढून स्वस्त ताप-औषध बनवत. बंगालच्या टपाल कचेऱ्यांत १८९२ पासून कोयनेलची पुडी एका पैशाला मिळू लागली.