उलटा हात मारला की दाढी चांगली होते?

‘दाबून, उलट्या दिशेने दाढी केली की पुटकुळ्या येत नाहीत’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि तो साफ चुकीचा आहे. उलट्या फटकाऱ्यात, त्यात कातडी ताणलेली असेल तर, केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो. त्याचं टोक तिरकं, अणकुचीदार होतं. कुरळा केस वाढताना वळतो आणि तेच टोक आत रुततं. शरीर त्याला काट्यासारखं वागवतं, म्हणून ती लाल, ठणकणारी गाठ. मानेवर तर हमखास, कारण तिथले केस वाटेल तिकडे वळलेले असतात.

आधी कोमट पाण्याने केस मऊ करा. मग भरपूर फेस, धारदार ब्लेड, हलका हात, केसांच्याच दिशेने. किंचित खुंट राहिले तर राहू द्या. पुटकुळ्या मात्र कृपा करून फोडू नका, डाग राहतात.