दमनकाची चौकशी

पंचतंत्राचे नाव निघाले की आपल्याला विहिरीतल्या प्रतिबिंबावर झेप घेणारा सिंह आठवतो, नाहीतर झाडावर काळीज विसरून आल्याचे सांगणारे माकड. पहिल्या आणि सर्वांत मोठ्या तंत्राची, म्हणजे ‘मित्रभेदा’ची मुख्य कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. त्या कथेत दुष्ट जिंकतो आणि त्याचे कोणीही वाकडे करत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

वर्धमानक नावाच्या व्यापाऱ्याने वाटेत सोडून दिलेला संजीवक हा बैल यमुनेकाठच्या गवतावर धष्टपुष्ट होतो. पाण्यावर आलेला पिंगलक सिंह त्याची डरकाळी ऐकून घाबरतो. पदावरून दूर झालेला दमनक हा कोल्हा ही भीती ओळखतो, दोघांची गाठ घालून देतो आणि त्यांची मैत्री इतकी दाट झाल्यावर, की राजाला आपली आठवणही राहू नये, ती मोडायला निघतो. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. बैल सावधपणे, शिंगे रोखून आला तर त्याच्या मनात काळेबेरे आहे असे समजावे, असे तो सिंहाला सांगतो. सिंह डोळे लाल करून, अंग ताणून बसलेला दिसला तर तो घात करणार हे ओळखावे, असे बैलाला सांगतो. दोघेही सावध होऊन समोरासमोर येतात आणि प्रत्येकाला दुसऱ्यात नेमके तेच दिसते. दमनकाने खोटे सांगितले होते, पण ते सांगितल्यामुळेच खरे झाले. बैल मारला जातो, सिंह हळहळतो, दमनक त्याची समजूत घालतो आणि मंत्री होतो.

विष्णुशर्म्याने अमरशक्ती राजाच्या तीन मुलांना सहा महिन्यांत शहाणे करण्यासाठी हे सांगितले, अशी ग्रंथाची चौकट आहे. माणूस कसा असावा यापेक्षा तो कसा असतो, हे राजपुत्रांना कळायला हवे होते. दुसऱ्या तंत्रात चांगुलपणाही आहे. जाळ्यात अडकलेला कबुतरांचा राजा चित्रग्रीव उंदराला आपले पाश आधी कापू देत नाही, सोबत्यांचे आधी काप म्हणतो. पण तोच हिरण्यक उंदीर कावळ्याने मैत्री मागितल्यावर तू खाणारा आणि मी तुझे खाद्य, असे बिळातूनच सुनावतो. माझ्या मते पंचतंत्राचा खरा सूर इथे सापडतो: दयाळूपणा खरा आहे, पण त्याने बिळाबाहेर येताना इकडेतिकडे पाहिले पाहिजे.

6 व्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिर्वान याच्या दरबारातील वैद्य बुर्झोय याने हा ग्रंथ पहलवी या इराणच्या जुन्या भाषेत नेला. तो अनुवाद आज उपलब्ध नाही. त्यावरून सिरियाक या पश्चिम आशियातील जुन्या भाषेत झालेला अनुवाद उरला आहे. 8 व्या शतकाच्या मध्यास इब्न अल-मुकफ्फा या इराणी वंशाच्या लेखनिकाने पहलवीवरून अरबी ‘कलीला व दिम्ना’ रचले. दमनकाचा सोबती करटक आणि खुद्द दमनक या दोन कोल्ह्यांचीच ही बदललेली नावे. या अरबी ग्रंथात बैलाच्या वधानंतर एक अख्खे प्रकरण आहे, दिम्नाच्या चौकशीचे. ते संस्कृतात नाही आणि सिरियाकातही नाही. त्यामुळे ते इब्न अल-मुकफ्फाचीच भर असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

हे प्रकरण म्हणजे चक्क खटला आहे. कलीला रात्री दिम्नाला दोष देत असताना चित्त्याने ते ऐकलेले असते. ती गोष्ट सिंहाच्या आईपर्यंत पोहोचते आणि दरबार भरतो. दिम्ना असा बिनतोड बोलतो की पुरावा मागितल्यावर सगळे गप्प होतात. तेव्हा डुकरांचा मुखिया पुढे येऊन सांगतो की याचा डावा डोळा बारीक आहे, नाक वाकडे आहे, दुष्टपणा तर चेहऱ्यावरच लिहिलेला आहे. दिम्ना उलट त्याच्याच शरीरातील व्यंगे भर दरबारात काढतो आणि मुखियाच पदावरून जातो. चेहऱ्यावरून पाप ओळखू येत असते तर बैल मेलाच नसता. पुढे दोन साक्षीदार उभे राहतात तेव्हाच दिम्नाला देहान्त शिक्षा होते. हे लिहिणाऱ्या इब्न अल-मुकफ्फाला पुढे खलिफा अल-मन्सूरच्या काळात बसऱ्यात ठार मारण्यात आले.

युरोपात हीच अरबी परंपरा पसरली. 1251 मध्ये ती स्पॅनिशमध्ये उतरली आणि त्याच शतकात हिब्रूवरून लॅटिनमध्ये गेली. फारसीतून ती भारतातही परतली: अकबराच्या सांगण्यावरून अबुल फजलने 1588 मध्ये ‘इयार-ए-दानिश’ सिद्ध केले. त्याच अकबरासाठी मुस्तफा खालिकदाद अब्बासीने पंचाख्यान या संस्कृत पंचतंत्राच्याच एका पाठाचाही थेट फारसी अनुवाद केला. म्हणजे शिक्षा झालेला आणि मंत्रिपदी बसलेला, असे दोन्ही दमनक एकाच दरबारात हजर होते.

मराठी छापील पुस्तकांच्या वाट्याला दुसरा आला. पंचतंत्रावर आधारलेल्या, नारायण पंडिताच्या ‘हितोपदेशा’त मैत्रीचा भाग आधी आणि भेदाचा नंतर येतो, पण दमनक तसाच सुटतो, शत्रू मारून हळहळणे हा कुठला नवा न्याय, असे तो वर सिंहालाच विचारतो. हा ग्रंथ वैजनाथ शर्मा यांनी मराठीत आणला आणि 1815 मध्ये विल्यम केरी या मिशनऱ्याच्या, बंगालमधील सेरामपूरच्या छापखान्यात तो मोडी लिपीत छापला गेला.