कर्नलमधली आवराआवर

काही वर्षांपूर्वी ऐरोलीतल्या एका छोट्या कंपनीत मी ड्रायव्हर, म्हणजे यंत्राला जोडलेली उपकरणं चालवणारे प्रोग्राम, लिहीत असे. महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून तक्रार आली की टाकीतल्या पाण्याची पातळी मोजणारं आमचं यंत्र रोज बंद पडतं. वीज घालवून पुन्हा दिली की सुरळीत, दुसऱ्या दिवशी परत तेच. ठाण्याहून घणसोलीपर्यंत लोकल, पुढे रिक्षा, असे तीन दिवस हेलपाटे घातल्यावर कारण सापडलं. सेन्सरची केबल सैल होती. ड्रायव्हर दर 2 सेकंदांनी 4 केबी मेमरी मागून घ्यायचा, सेन्सरकडून उत्तर आलं नाही की चूक कळवून बाहेर पडायचा, आणि घेतलेली मेमरी तशीच राहायची. दिवसाला 43,200 वेळा, म्हणजे जवळपास 170 एमबी. यंत्राची सगळी मेमरी होती 256 एमबी. मेमरी परत करण्याची ओळ लिहायची राहून गेली होती, आणि तो कोड माझा होता.

मोबाइलवरचं एखादं ॲप असं विसरलं तर फारसं बिघडत नाही. ॲप बंद होताच ऑपरेटिंग सिस्टीम त्याची मेमरी काढून घेते. कर्नल हा त्या सिस्टीमचा गाभा, ड्रायव्हर चालतो तो त्याच्याच आत, आणि कर्नलच्या मागून आवरायला कोणी नाही. त्याने गमावलेली मेमरी यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत गेलेलीच. लॉकचं तर त्याहून वाईट. एकच माहिती दोघांनी एकाच वेळी बदलू नये म्हणून लॉक लावतात. ते उघडायचं राहिलं की पुढचं प्रत्येक काम दाराशी ताटकळत बसतं.

लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल लिहायला घेतला तो सी या प्रोग्रामिंग भाषेत, आणि सीमध्ये घेतलेलं परत करणं हे लिहिणाऱ्याचं काम. त्यासाठी कर्नलमध्ये रुळलेली पद्धत समजायला नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीचा मांडव बरा. आधी वासे, मग कापड, मग दिव्यांच्या माळा. उतरवताना बरोबर उलट. कापड लागलं आणि दिवेवाला आलाच नाही, तर कापडापासून उतरवायला लागायचं. वासे आधी सोडले तर कापड डोक्यावर येईल. कर्नलमधलं फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, असंच लिहितात. शेवटी आवरण्याच्या पायऱ्या उलट्या क्रमाने, प्रत्येकीला नाव, आणि जिथे काम अडेल तिथून ‘गोटू’ आज्ञेने योग्य पायरीवर उडी. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी 1968 सालीच या आज्ञेविरुद्ध लिहिलं होतं, पण या कामासाठी कर्नलच्या लोकांनी ती सोडली नाही. नीट लिहिली तर ती खरोखर स्वच्छ वाचता येते.

अडचण असते ती काही वर्षांनी. कोणीतरी मधे एक नवी पायरी घालतो आणि उडी मारण्याऐवजी तिथूनच थेट बाहेर पडतो. केबल सैल असतानाच चालणारा तो रस्ता चाचणीच्या टेबलावर कधी चालतच नाही.

2007 साली कर्नलवर काम करणाऱ्या तेजुन हो यांनी एक सोय आणली: ड्रायव्हरने घेतलेल्या गोष्टी उपकरणाच्या नावावर नोंदवायच्या, उपकरण ड्रायव्हरपासून सुटलं की त्या आपोआप उलट क्रमाने परत. हजारो ड्रायव्हरांना तिचा फायदा झाला आहे. आमची चूक मात्र तिने सुटली नसती. आमचं उपकरण जागचं हलत नव्हतं, मेमरी प्रत्येक वाचनाला घेतली जात होती. नोंदवहीच फुगत गेली असती.

त्यावरचा उपाय 2023 मध्ये लिनक्स 6.5 बरोबर आला. कर्नलवरच काम करणाऱ्या पीटर झिलस्ट्रा यांनी जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांत, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामांत, आधीपासून असलेली एक सोय कर्नलला जोडून घेतली. व्हेरिएबल, म्हणजे घेतलेली गोष्ट ज्या नावाखाली ठेवतात ते, जाहीर करतानाच सांगून ठेवायचं की हे संपताना अमुक करायचं. मग फंक्शनमधून कुठल्याही दाराने बाहेर पडा, आवरण्याची आज्ञा कंपायलर स्वतः घालतो. लॉकसाठी ‘गार्ड’ आहे, त्याचंही तसंच. काम यशस्वी झालं आणि मेमरी दुसऱ्याच्या हाती द्यायची असेल, तर मात्र ‘ही आता माझी नाही’ असं स्पष्ट लिहावं लागतं.

इथे एक खड्डा आहे. कंपायलर आवरतो तो जाहीर केल्याच्या उलट क्रमाने. जुन्या सवयीने सगळी व्हेरिएबलं फंक्शनच्या माथ्यावर रिकामी जाहीर केली, लॉक नंतर लावलं आणि वस्तू त्यानंतर घेतली, तर बाहेर पडताना लॉक आधी उघडतं आणि वस्तू मोडली जाते ती लॉकशिवाय. वासे आधी सुटले! म्हणून कर्नलची नियमावली सांगते की जाहीर करणं आणि घेणं एकाच ओळीत ठेवा, आणि एका फंक्शनमध्ये गोटू व स्वयंचलित पद्धत मिसळू नका.

नेटवर्किंगचा भाग सांभाळणारे या सगळ्याकडे साशंकतेने पाहतात. 20 ओळींहून लांब फंक्शनमध्ये गार्ड टाळा, असं त्यांनी लिहूनच ठेवलं आहे. लॉक कुठे उघडतं ते डोळ्यांना दिसायला हवं, ही त्यांची भूमिका मला मनापासून पटते. तरीही माझं मत स्वयंचलित पद्धतीच्या बाजूने आहे. जो रस्ता वर्षातून एकदा चालतो, त्यावर माणसाची नजर ठरत नाही.

महाप्याच्या यंत्रात तेव्हा जुना कर्नल होता. मेमरी परत करणारी ती एक ओळ मी हाताने घातली, केबल मुद्दाम सैल ठेवली आणि यंत्र आठवडाभर चालू ठेवलं. मोकळ्या मेमरीचा आकडा जिथल्या तिथे राहिला.