टाके पिकल्यावर दाबाखालचा प्राणवायू

मावशीच्या पायाचं बोट काढून तीन आठवडे झाले, तरी टाके पिकलेलेच. वीस वर्षांचा मधुमेह. ड्रेसिंग सोडलं की कडा काळपट दिसायच्या आणि आत ओल. कोथरूडच्या डॉक्टरांनी सडलेला भाग खरवडून काढला, पू तपासायला पाठवला, अँटिबायोटिक बदललं आणि मग म्हणाले, "जोडीला एचबीओटी करून बघू." म्हणजे वाढीव दाबाखाली शुद्ध प्राणवायू देणं.

पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. माणूस आडवा मावेल एवढी पारदर्शक नळी, बाजूला दाबाचे काटे. सिस्टरांनी मावशीच्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "काकू, तेल लावलंय?" लावलं होतं, रोजच्यासारखं खोबरेल. तेवढ्यावरून मावशीला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी केस धुऊन, सुती गाऊन घालून, बांगड्या, घड्याळ, मोबाइल बाहेर ठेवूनच आत घेतलं. मावशीला राग आला होता, मला मात्र त्या सिस्टरांचं फार कौतुक वाटलं. शुद्ध प्राणवायूत एक ठिणगी पुरते. १९९७ साली इटलीत मिलानच्या एका रुग्णालयात अनेक रुग्ण मावतील अशा मोठ्या कक्षाला आग लागून ११ जण गेले.

आत नेमकं काय होतं? आपण एरवी घेतो त्या हवेत प्राणवायू २१ टक्के. निरोगी माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या शंभरातल्या ९७-९८ जागा तेवढ्यावरच भरतात. नुसता मास्क लावून प्राणवायू वाढवला, तरी तिथे बसायला जागाच उरलेली नसते. पण दाब वाढवला की वायू द्रवात जास्त विरघळतो, हा नियम विल्यम हेन्रीने १८०३ साली मांडला. गोटी सोड्याची गोटी दाबली की फसफसतं ते याच नियमाने: दाब गेला, विरघळलेला वायू बाहेर. कक्षात याच्या उलट. दाब साधारण २ ते २.५ वातावरण (एरवी हवेचा असतो तो १), म्हणजे तारकर्लीला समुद्रात १०-१५ मीटर खोल गेल्यावर अंगावर येतो तेवढा.

मग रक्तातल्या पाण्यातच, म्हणजे प्लाझ्मात, प्राणवायू विरघळू लागतो. साध्या हवेत १०० मिलिलीटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलीटर विरघळलेला असतो. ३ वातावरण दाबाला सुमारे ६. आराम करणाऱ्या शरीराची गरज जवळपास तेवढीच. अ‍ॅमस्टरडॅमच्या शल्यविशारद इटे बूरेमा यांनी १९६० मध्ये डुकरांच्या पिल्लांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन जवळपास संपवलं, तरी दाबाखालच्या प्राणवायूवर ती जगली.

चिघळलेल्या जखमेत नेमकी याचीच टंचाई असते. भोवती सूज, बारीक रक्तवाहिन्या बंद, आणि जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी प्राणवायूविना हतबल. त्या जंतूला गिळतात, पण मारण्यासाठी लागणारी तिखट रसायनं त्यांना प्राणवायूपासूनच बनवावी लागतात. नवं मांस धरायला लागणारं कोलॅजन हे प्रथिनही त्याशिवाय होत नाही. म्हणजे बहुतेक संसर्गांत हा उपचार जंतूंना थेट मारत नाही, मारणाऱ्यांना शिधा पुरवतो. गॅस गँगरीन, म्हणजे मांस सडवून त्यात वायू भरणारा संसर्ग, वेगळा: त्याच्या जंतूला प्राणवायूच सोसत नाही आणि त्याचं विष बनणं थांबतं.

म्हणूनच सडलेलं काढणं, योग्य अँटिबायोटिक आणि साखर आटोक्यात आणणं याला पर्याय नाही. एचबीओटी जोडीचा उपचार आहे. मधुमेही पायाच्या जखमांवरच्या चाचण्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं, ते मला आवडलं. तारुण्य टिकवण्यासाठी, मुलांच्या ऑटिझमसाठी याच नळ्यांच्या जाहिराती दिसतात तेव्हा मात्र संताप येतो. त्याला भक्कम पुरावा नाही.

त्रास? खंडाळ्याचा घाट उतरताना बसतात तसे कानात दडे बसतात. आवंढा गिळायचा, जांभई द्यायची. साखर खाली येऊ शकते, म्हणून आधी बोट टोचून बघतात. क्वचित झटके येतात, ते टाळायला मधे काही मिनिटं साधी हवा देतात. फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल आणि तिच्यावर उपचार झाले नसतील, तर कक्षात जाताच येत नाही.

मावशीची तीस सत्रं ठरली, आठवड्याला सहा, दर वेळी दीड तास. बाराव्या सत्रानंतर जखमेच्या तळाला लाल दाणे दिसू लागले. त्यात प्राणवायूचा वाटा किती आणि साखर सुधारल्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मावशी आता डोक्याला तेल शनिवारी संध्याकाळी लावते आणि सोमवारी पहाटे केस धुते.