जिप्समची भिंत म्हणजे नक्की कुठली? बोर्ड की प्लास्टर, आधी ते बघा मग शेल्फ लावा

घोडबंदर रोडच्या नाहीतर खारघर-तळोज्याच्या नवीन टॉवरमध्ये कोणालाही विचारा भिंत कसली आहे, उत्तर येतं जिप्समची. पण या एकाच नावाखाली दोन एकदम वेगळ्या भिंती येतात, आणि शेल्फ उपटून खाली आल्यावर एकीचा उपाय दुसरीवर केला की ते परत पडणारच.

जिप्सम प्लास्टर म्हणजे सिपोरेक्स ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे), वीट किंवा मिवानच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) काँक्रीटवर मारलेला साधारण अर्ध्या इंचाचा पांढरा थर, मागे भिंत भरीव. जिप्सम बोर्ड म्हणजे दोन्हीकडून जाड कागद लावलेली 12.5 मिमीची शीट, जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्ट्यांच्या सांगाड्यावर स्क्रूने बसवलेली, आत पोकळ. हॉलमधून काढलेली स्टडी रूम, वाशी-ऐरोलीच्या ऑफिसातल्या केबिन, ही बहुतेक बोर्डची कामं.

ओळखायचं कसं, तर बोटाने ठोका, बोर्ड ढबढब वाजतो. खात्री नसेल तर पडलेल्या स्क्रूच्या भोकात तार घाला, अर्ध्या इंचानंतर तार मोकळी आत गेली तर बोर्ड, अडली तर बहुतेक प्लास्टर (मागे नेमकी जीआय पट्टी आली तरी अडते म्हणून दोन-तीन भोकांत बघा). ड्रिल मारताना आधी पांढरी आणि मग लाल किंवा करडी पावडर आली तर प्लास्टरच.

प्लास्टरचं काम सोपं आहे. सुटलेलं सगळं खरवडून काढा, धूळ झाडा, जिप्सम प्लास्टर भरा, वरून पुट्टी मारून घासा. कालवलेलं जिप्सम घट्ट व्हायला लागलं की त्यात परत पाणी घालून ढवळू नका, त्यात ताकद राहत नाही. शेल्फ लावताना प्लग (स्क्रू धरणारी भोकातली प्लास्टिकची नळी) प्लास्टर ओलांडून मागच्या ब्लॉकमध्ये पूर्ण गेला पाहिजे, कारण वजन ब्लॉकने धरायचं असतं, त्या पांढऱ्या थराने नाही, आणि बरेच जण दीड इंची प्लग मारतात त्यातला अर्धा इंच तर प्लास्टरमध्येच संपतो. सिपोरेक्स मऊ असतो म्हणून ड्रिलचं हॅमर बंद ठेवा नाहीतर भोक मोठं होऊन प्लग फिरत राहतो, आणि प्लग लांब नायलॉनचा घ्या. मिवानला मात्र हॅमर लागतोच.

बोर्डमध्ये साधा प्लग चालतच नाही, मागे धरायला काही नसतं. शेल्फ पडतं तेव्हा कागदासकट तुकडा निघतो, आणि कागद फाटला की तिथली ताकद गेली. नुसती पुट्टी भरली तर दिसायला छान दिसेल पण वजन घेणार नाही. छोटं भोक असेल तर जाळीची टेप आणि जॉइंटिंग कंपाउंड (बोर्डचे सांधे भरायची पेस्ट) पुरतं. तळहाताएवढं असेल तर कटरने सरळ चौकोन कापा, आतून प्लायची पट्टी आडवी घालून बोर्डमधून स्क्रू करा, तेवढाच बोर्डचा तुकडा तिच्यावर बसवा, सांध्यांवर टेप आणि कंपाउंडचे दोन-तीन पातळ हात. पावसाळ्यात प्रत्येक हात वाळायला जास्त वेळ द्या प्लीज, ओल्यावर रंग मारला की फुगतो. आणि बाथरूमच्या बाजूने ओल येत असेल तर आधी ती थांबवा, ओला बोर्ड मऊ पडतो, तो काढूनच टाकावा लागतो.

शेल्फ परत लावताना लोहचुंबक भिंतीवरून फिरवा, बोर्डचे स्क्रू सापडले की उभी पट्टी सापडली, पट्ट्या साधारण 2 फुटांवर असतात. ब्रॅकेट त्या पट्टीतच घ्या. जागा जुळत नसेल आणि वर हलकं काही ठेवायचं असेल तर मागे उघडणारा टॉगल बोल्ट चालेल, पण पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या निम्म्यानेही भरू नका, फळी जितकी खोल तितका वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. पुस्तकं किंवा मायक्रोवेव्ह ठेवायचा असेल तर मी तरी टॉगलवर अजिबात विसंबणार नाही. बोर्ड उघडलेलाच आहे तर दोन पट्ट्यांच्या मध्ये 18 मिमी प्लाय आडवा कसून घ्या, सुताराला तासाभराचं काम आहे. बोर्ड बंद करायच्या आधी प्लाय जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोजून फोटो काढून ठेवा.