ट्रेकचे भांडे

पाठपिशवीतून नेऊन मुक्कामाच्या जागी स्वयंपाकासाठी वापरायचा हलका टोप, पातेले किंवा मोठा मग. त्यात काय शिजणार, किती जणांसाठी आणि कशावर, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी ठरवावीत आणि मगच वजनाकडे पाहावे. जो टोप ४० ग्रॅम वाचवतो पण रोज खिचडी करपवतो, तो अन्न, गॅस आणि घासायचे पाणी तिन्ही वाया घालवतो. गडावर टाक्यातून भरून आणलेले पाणी तर मोजकेच असते.

धातू. बाजारात स्टील, ॲल्युमिनियम (बोलीत ‘जर्मन’) आणि टायटॅनियम असे तीन मुख्य पर्याय मिळतात. एका घन सेंटिमीटरचे वजन स्टीलचे सुमारे ७.९, टायटॅनियमचे ४.५ आणि ॲल्युमिनियमचे २.७ ग्रॅम भरते. म्हणजे सर्वांत हलका धातू ॲल्युमिनियम. टायटॅनियम मजबूत असल्याने त्याचा पत्रा फार पातळ ठेवता येतो, म्हणून त्याची भांडी हलकी होतात. १२ सेंमी व्यास आणि ९ सेंमी उंची असलेला, सुमारे एक लिटरचा टोप घेतला तर कान आणि झाकण वगळून ०.५ मिमी स्टीलचा १८० ग्रॅम, १ मिमी ॲल्युमिनियमचा १२० ग्रॅम आणि ०.४ मिमी टायटॅनियमचा ८० ग्रॅमच्या आसपास भरतो. शेवटच्या दोघांतला ४० ग्रॅमचा फरक म्हणजे जेमतेम तीन लिटर पाणी उकळायला लागणारा गॅस. किमतीतला फरक मात्र कित्येक पटींचा असतो.

ॲल्युमिनियम उष्णता पसरवते ते स्टील किंवा टायटॅनियमच्या दहापटीच्या आसपास. टायटॅनियमच्या टोपात खिचडी लावली की बर्नरच्या ज्योतींचे कडे जिथे बुडाला भिडते, नेमकी तिथेच बांगडीसारखी काळी करप धरते. मधले आणि कडेचे तांदूळ मात्र अजून कच्चेच असतात. पत्रा पातळ आणि उष्णता आडवी सरकत नाही, हे त्याचे कारण. ढवळत राहिल्याने करप लांबते, टळत नाही. म्हणून चहा, सूप, नूडल्स किंवा नुसते गरम पाणी एवढेच करणाऱ्याने टायटॅनियम घ्यावे. डाळ-तांदूळ शिजवणाऱ्याने १ मिमी किंवा त्याहून जाड बुडाचे ॲल्युमिनियम घ्यावे. सह्याद्रीत रात्रीचे जेवण म्हणजे बहुधा खिचडीच, त्यामुळे इथल्या बहुतेकांसाठी हाच योग्य पर्याय आहे.

साध्या ॲल्युमिनियमवर चिंच, कोकम, टोमॅटो यांच्या आंबटपणाचा परिणाम होतो आणि खारट-आंबट पदार्थ रात्रभर राहिला तर बारीक खड्डे पडतात. हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यावर विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा जाड थर चढवलेला असल्याने हा त्रास बराच कमी होतो. पण चुलीतल्या राखेने घासले तर राखेतला क्षार तो थरही खातो. नॉनस्टिक लेप सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागतो. भांड्यात पाणी असेपर्यंत धोका नाही, रिकामे भांडे ज्योतीवर विसरले की आहे. दुहेरी भिंतीचा मग कधीच आचेवर ठेवू नये. आतली कोंडलेली हवा फुगून तो फाटतो.

मापे. दुकानात सांगितलेले माप बहुधा काठोकाठचे असते. त्यातून पाव भाग वजा केला की उतू न जाता वापरता येणारे माप कळते. ट्रेकवरच्या भुकेला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम मूगडाळ आणि सुमारे ६०० मिलि पाणी धरावे. हे सगळे मिळून ७०० मिलिच्या वर जाते, म्हणजे एकट्यासाठी एक लिटरचा आणि दोघांसाठी दोन लिटरचा टोप हवा. फक्त चहा-नूडल्स असतील तर अनुक्रमे ७५० मिलि आणि सव्वा लिटर पुरते. दहा जणांच्या खिचडीला नऊ-दहा लिटर लागतात, पण एवढा एकच टोप नेण्यापेक्षा पाच-पाच लिटरचे दोन न्यावेत. वजन दोन पाठींवर वाटले जाते आणि एकात भात, दुसऱ्यात आमटी लावता येते.

आकार आणि इंधन. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. गॅसची निम्मी उष्णता भांड्याला मिळाली तर हे १५ ग्रॅम गॅसचे काम आहे. झाकण नसेल आणि वारा असेल तर दुप्पटही जातो. बुटक्या, रुंद टोपाला ज्योत खालून पूर्ण लागते. उंच, अरुंद मगात ती कडेने निसटते आणि कानही तापतात. मात्र काडतुसावर (गॅसच्या छोट्या डब्यावर) थेट बसणाऱ्या छोट्या स्टोव्हवर फार रुंद टोप ठेवू नये: तो डगमगतो, शिवाय उष्णता खाली परतून काडतूस तापवतो. अशा स्टोव्हला चहूबाजूंनी वाराआड (वारा अडवणारा पत्रा) लावणे तर सरळ धोक्याचे. बुडाला पट्ट्यांची जाळी असलेली भांडी गॅस वाचवतात, पण चुलीवर त्या पट्ट्यांत काजळी बसते आणि ती निघत नाही.

तीन दगडांच्या चुलीसाठी साधा जर्मनचा किंवा स्टीलचा टोपच बरा. ठेवण्यापूर्वी बुडाला आणि बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्यावा. काजळी लेपावर बसते आणि नंतर लेपासकट धुऊन जाते. प्लास्टिक किंवा सिलिकॉनचे कान चुलीवर टिकत नाहीत. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, त्यामुळे पाणी आटलेला टोप निखाऱ्यांवर राहिला तर बूड बसते. चूल पेटवण्यापूर्वी जागा कुठली आहे तेही पाहावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणे गुन्हा आहे, आणि हरिश्चंद्रगडाचा परिसर अभयारण्यात येतो.

झाकण, कान, पकड. झाकण हवेच, घट्ट बसणारे नसले तरी चालेल, ताटलीही चालते. घडीचे कान सोयीचे, पण त्यांचे रिबिट ढिले झाले की भरलेला टोप कलंडतो. घेताना टोपात पाणी भरून एका हाताने उचलून पाहावे. अनेक टोपांना मिळून एक पकड (सांडशी) नेली की वजन वाचते. मात्र काठ बाहेर वळवलेला असला तरच ती घट्ट धरते.

शिजवताना तांदूळ आणि मूगडाळ अर्धा तास भिजवावी, उकळी आल्यावर मंद आचेवर सात-आठ मिनिटे ठेवावे, मग झाकणासह टोप जाड कपड्यात गुंडाळून २५ मिनिटे तसाच राहू द्यावा. गॅस वाचतो, बुडाला लागत नाही. तूरडाळीला ही युक्ती अपुरी पडते.

उंचीवर. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. कळसूबाईच्या १,६४६ मीटरवर तो ९४-९५ अंश असतो, त्यामुळे शिजायला थोडा वेळ जास्त लागतो एवढेच. ४,००० मीटरवर मात्र पाणी ८७ अंशांनाच उकळते आणि डाळ तासभर ठेवूनही कचकच करते. तिथे डाळ-तांदूळ खायचे असतील तर हलक्या टोपाचा हट्ट सोडून गटासाठी ॲल्युमिनियमचा छोटा कुकर न्यावा. एवढ्या उंचीवरही त्याच्या आत ११० अंशांच्या वर तापमान मिळते. शिट्टीचे वजन आणि रबराची एक जादा रिंग वेगळ्या पिशवीत ठेवावी. थंडीत कडक झालेली रिंग वाफ धरत नाही, ती आधी कोमट पाण्यात बुडवून मग बसवावी.